हसण्याचा कच्चा खर्डा

मॉस्कोच्या ट्रेट्याकोव्ह गॅलरीत इल्या रेपिनचं एक लहानसं तैलचित्र आहे. रुंदी मीटरभरसुद्धा नाही. एका टेबलाभोवती माणसं दाटीवाटीनं जमली आहेत. मध्ये कुणीतरी लिहीत बसलंय आणि बाकीचे हसताहेत. जवळ जाऊन पाहिलं तर चेहरे असे नाहीतच, ब्रशचे चार-दोन फटकारे आहेत. तरीही ही माणसं हसताहेत याबद्दल तिळमात्र शंका राहत नाही. कुणाची मान मागे पडली आहे, कुणाचं पोट पुढे आलंय, कुणी शेजाऱ्यावर रेललाय. हसणं ओळखायला डोळे-ओठ लागतातच असं नाही, हे या स्केचमधून लख्ख कळतं.

स्केच 1880 सालचं आहे. त्यावरून तयार झालेलं मोठं चित्र सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहे. ते 203 सेंटिमीटर उंच आणि 358 सेंटिमीटर रुंद आहे आणि पुरं झालं 1891 मध्ये. ‘झापोरिझियाचे कोसॅक तुर्की सुलतानाला पत्र लिहिताना’ हा त्याचा विषय. एकोणिसाव्या शतकात माणसांना खळखळून हसताना दाखवणारी जी चित्रं झाली, त्यांत हे बहुधा सगळ्यांत प्रसिद्ध असेल. या दोन चित्रांच्या मधली अकरा वर्षं रेपिन नेमकं काय करत होता, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

आधी पत्राची गोष्ट. सतराव्या शतकात द्नीपर नदीच्या खालच्या अंगाला, धबधब्यांपलीकडच्या प्रदेशात कोसॅकांची स्वतंत्र छावणी होती. सरदार ते स्वतःच निवडत आणि आसपासच्या कुठल्याच सत्तेला फारसं जुमानत नसत. दंतकथा अशी, की तुर्कस्तानचा सुलतान मेहमेद चौथा यानं त्यांना फर्मान पाठवलं : मुकाट्यानं शरण या. फर्मानाच्या सुरुवातीला सुलतानाच्या पदव्यांची लांबलचक माळ होती. तो सूर्य-चंद्राचा भाऊ, राजांचा राजा, अमुक देशांचा स्वामी वगैरे वगैरे. कोसॅकांनी उत्तर लिहिलं आणि त्यातली एकेक पदवी उचलून तिच्या जागी एकेक सणसणीत शिवी बसवली. उत्तराच्या शेवटी तारीख घालतानाही थट्टा केली. हा प्रकार 1676 च्या सुमाराचा सांगतात आणि पत्राखाली नाव असतं इव्हान सिर्को या सरदाराचं. बहुतेक इतिहासकारांच्या मते हे पत्र बनावट आहे. कुणा रसिक माणसानं रचलेलं आणि हातोहात नकलून पसरलेलं. पण शेकडो लोकांनी ते चवीनं वाचलं, नकलून घेतलं, हे तर खरंच आहे.

रेपिनच्या कानावर हे पत्र पडलं 1878 च्या उन्हाळ्यात. मॉस्कोजवळ अब्राम्त्सेवो इथं साव्वा मामोंतोव्ह या उद्योगपतीची जहागीर होती. चित्रकार, गायक, लेखक तिथे मुक्कामाला येत. अशाच एका बैठकीत पत्र मोठ्यानं वाचलं गेलं आणि हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. रेपिननं तिथल्या तिथे पेन्सिलीनं एक रेखाटन केलं. त्याच्यावर तारीख आहे 26 जुलै 1878. पत्र वाचताना ऐकणारे हसले. पण त्यानं रेखाटलं ते मूळ पत्र लिहिताना हसणाऱ्यांना. माझ्या मते या चित्राचं सगळं यश याच निवडीत आहे. सुलतानाच्या दरबारात पत्र वाचलं जातंय, सुलतानाचा चेहरा लालबुंद झालाय, असंही चित्र काढता आलं असतं, आणि ते चित्र बरंच फिकं झालं असतं. लिहिण्याच्या क्षणी विनोद अजून घडत असतो. प्रत्येक जण आपल्या परीनं त्यात भर घालतो, एकाला दुसऱ्यापेक्षा झणझणीत शिवी सुचते आणि बिचारा लेखनिक कुणाचं आधी उतरवू, या घोळात पडतो.

रेपिनला हा विषय परका नव्हता. तो 1844 मध्ये खारकिव्हजवळच्या चुहुइव्ह गावी जन्मला. युक्रेनच्या या भागात कोसॅकांच्या कहाण्या घरोघरी सांगितल्या जात. आणि काळ कसा होता? कॅथरीन दुसरीनं 1775 मध्ये झापोरिझियाची छावणी उद्ध्वस्त केली होती. शंभरेक वर्षांनी, 1876 मध्ये, झार अलेक्झांडर दुसऱ्याच्या हुकुमानं युक्रेनी भाषेतल्या छपाईवर कडक निर्बंध आले. त्यानंतर दोनच वर्षांनी रेपिन त्या रांगड्या, बेलगाम लोकांचं हसणं काढायला बसला. पुढे हे चित्र विकत कुणी घेतलं, ते पाहिलं की या तारखा लक्षात ठेवाव्याशा वाटतात.

पेन्सिलीचं रेखाटन हातात असताना रंगातलं स्केच कशाला? अकादमीत शिकलेल्या त्या काळच्या कुठल्याही चित्रकाराला हा प्रश्न पडला नसता. मोठ्या चित्राची तयारी दोन वाटांनी होई. एका वाटेनं खऱ्या माणसांवरून, खऱ्या वस्तूंवरून एकेक स्टडी जमवायचा : हा चेहरा, तो हात, ही तलवार, तो हुक्का. दुसऱ्या वाटेनं सगळं चित्र एकदम, लहान आकारात, रंगात मांडून पाहायचं. पेन्सिल सांगते कोण कुठे बसलंय. उजेड कुठून येतोय, कुठला भाग आधी डोळ्यांत भरणार, लाल रंग एका जागी ठेवला तर पलीकडचा पांढरा त्याला पेलेल का, हे तिला सांगता येत नाही. तैलरंगात ते अर्ध्या दिवसात कळतं आणि चुकलं तर खरवडून पुन्हा लावता येतं. साडेतीन मीटरच्या कॅनव्हासवर तीच चूक महागात पडते.

ही पद्धत काही एकट्या रेपिनची नव्हती. स्कॉटिश चित्रकार डेव्हिड विल्की यानं 1812 मध्ये ‘ब्लाइंड मॅन्स बफ’ रंगवलं. घरात आंधळी कोशिंबीर रंगली आहे, खुर्च्या उलथल्या आहेत, पोरंसोरं एकमेकांवर कोसळताहेत, असा त्याचा विषय. त्याचं आधीचं तैलस्केच लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. विल्की एक पाऊल आणखी पुढे जाई. मातीच्या लहान बाहुल्या करून तो त्या एका खोक्यात मांडी आणि खोक्याच्या भोकातून उजेड सोडून सावल्या कशा पडतात ते बघे. विल्यम फ्रिथनं 1858 मध्ये प्रदर्शित केलेल्या ‘डर्बी डे’साठीही आधी रंगीत स्केचं केली होती. त्यात शर्यतीच्या मैदानावरची सगळी गर्दी आहे : खिसेकापू, डोंबारी, नशिबाला बोल लावणारा तरुण. रॉयल अकादमीत त्या चित्रापुढे लोकांची एवढी झुंबड उडाली, की कठडा लावावा लागला.

विनोदी चित्राला अशी तयारी जास्तच लागते, आणि त्यामागे अगदी व्यवहारातलं कारण आहे. दुःखी माणूस तासभर मॉडेल म्हणून बसू शकतो. चिंतन करणारा तर दिवसभर बसेल. हसणारा बसू शकत नाही. खरं हसू दोन-चार सेकंदांत ओसरतं आणि मागे राहतो तो ताणलेल्या गालांचा, दात दाखवणारा मुखवटा. शिवाय उघडं तोंड, दिसणारे दात हे युरोपातल्या प्रतिष्ठित चित्रकलेला शतकानुशतकं असभ्य वाटत आलं. दारूच्या गुत्त्यातल्या माणसांना, पोरांना, विदूषकांना तेवढी मुभा होती. त्यामुळे आधीच्या गुरूंकडून उचलावं असं हसण्याचं तयार व्याकरण रेपिनसमोर फारसं नव्हतं. डच चित्रकार फ्रान्स हाल्ससारखा एखादा अपवाद सोडला तर वाट त्याला स्वतःच पाडावी लागली.

आणखी एक अडचण होती. चुटका एकदाच ऐकायचा असतो, चित्र मात्र भिंतीवर कायम असतं. पन्नास माणसं एकाच सुरात हसत असलेलं चित्र दुसऱ्या वेळी बघवत नाही. 1878 च्या रेखाटनात हसण्याचा असा एकच मोठा लोट आहे. 1880 च्या स्केचमध्ये घोळका टेबलाभोवती आवळला गेलाय, लिहिणारा मध्यबिंदू झालाय, उजवीकडे लठ्ठ देहाचा भार आलाय. मांडणीचा सांगाडा मिळाला. पण हसणं अजून सगळ्यांचं मिळून एकच आहे. ते वाटून प्रत्येकाला आपापलं देण्यात पुढची वर्षं गेली. रेपिनच्या एवढ्या चिकाटीचं कारण मला यात दिसतं.

त्या कामाची सुरुवात प्रवासानं झाली. 1880 मध्ये रेपिन युक्रेनला गेला. बरोबर होता त्याचा पंधरा वर्षांचा शिष्य वलेंतिन सेरोव्ह, जो पुढे स्वतः थोर चित्रकार झाला. द्नीपरचा काठ, खोर्तित्सिया बेट, जुन्या छावण्यांच्या जागा त्यांनी पालथ्या घातल्या. काचानिव्हका इथल्या वसिल तार्नोव्स्की या जमीनदारानं कोसॅकांच्या वस्तूंचा मोठा संग्रह केला होता. तिथे रेपिननं तलवारी, बंदुका, पोशाख रंगवून घेतले. पुढे 1888 मध्ये तो कुबानमध्ये गेला, कारण तिथल्या वस्त्यांमध्ये झापोरिझियाच्या कोसॅकांचे वंशज राहत होते. त्यांचे चेहरे तो वह्यांत उतरवत राहिला.

सगळ्यांत मोठा मदतनीस त्याला भेटला तो द्मित्रो याव्होर्नित्स्की. या तरुण इतिहासकारानं कोसॅकांच्या अभ्यासाला आयुष्य वाहून घेतलं होतं. आजच्या द्नीप्रो शहरातलं ऐतिहासिक संग्रहालय त्याच्याच नावानं ओळखलं जातं. त्यानं उत्खननांत मिळालेल्या वस्तू, कपडे, शस्त्रं रेपिनसमोर आणून ठेवली, प्रत्येकाची माहिती सांगितली. रेपिननं त्यालाच लेखनिक केलं. त्याबद्दल सांगतात ते असं : याव्होर्नित्स्की मॉडेल म्हणून बसला, पण त्या दिवशी तो कंटाळलेला होता. रेपिननं युक्ती म्हणून व्यंगचित्रांचं एक मासिक त्याच्या हातात दिलं. पानं उलटताना त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, आणि रेपिननं ते झटकन पकडलं. मोठ्या चित्रात लेखनिकाच्या तोंडावर आजही तेच हसू आहे. डोळे कागदावर, पिसाची लेखणी बोटांत आणि ओठ मिटलेले. तो मोकळा हसला तर शाई सांडेल. भोवती सगळे गडगडत असताना त्याचं ते दाबून धरलेलं हसू बघताना आपल्यालाच गुदगुल्या होतात.

दुसरी कथा टकलाची. चित्राच्या पुढच्या बाजूला आपल्याकडे पाठ करून एक कोसॅक बसलाय. त्याची जाडजूड मान आणि तुळतुळीत डोकं एवढंच दिसतं. हे डोकं एका बड्या दरबारी अधिकाऱ्याचं. मानेचं चित्र काढू द्या म्हटल्यावर त्या गृहस्थांनी साफ नकार दिला. जगानं आपलं टक्कल पाहून हसावं, हे कुणाला रुचेल? मग याव्होर्नित्स्कीनं त्यांना आपल्याकडची जुनी नाणी बघायला बोलावलं. साहेब नाण्यांत गढून गेले, आणि मागे बसलेल्या रेपिननं काम उरकून घेतलं. पुढे चित्र पाहिल्यावर त्यांनी स्वतःला ओळखलं म्हणतात. मॉडेलला न सांगता असं करणं मला पटत नाही. पण त्या मानेवरच्या वळ्या इतक्या खऱ्या आहेत, की तोंड न दिसताही हा गडी खदखदून हसतोय हे समजतं. आणि मघाशी स्केचबद्दल जे म्हटलं, की हसणं मानेतून, खांद्यांतून दिसतं, तेच इथे पुरत्या तपशिलासह उतरलंय.

लेखनिकाच्या मागे वाकून पाइप ओढणारा सिर्को. त्यासाठी जनरल मिखाइल द्रागोमिरोव्ह बसला. तो रशियन सैन्यातला मोठा अधिकारी आणि जन्मानं युक्रेनचाच. त्याचं हसणं बेरकी आहे. डोळे बारीक झालेत, आणि पुढचं वाक्य त्याच्या मनात तयार आहे असं वाटतं. उजवीकडे लाल अंगरखा, पांढरी लोकरीची टोपी आणि पोट धरून मागे रेललेला धिप्पाड माणूस. हे चित्रातलं सगळ्यांत मोठं हसू. एक दात पडलेला म्हातारा खिदळतोय. तो तार्नोव्स्कीचा गाडीवान. डोक्याला पट्टी बांधलेला एक जण आहे. तो रेपिनचा चित्रकार मित्र निकोलाय कुझनेत्सोव्ह. टेबलाशी उघड्या अंगाचा एक जुगारी आहे. पत्ते लपवता येऊ नयेत म्हणून खेळताना सदरा काढायची कोसॅकांची रीत होती म्हणे. टेबलावर पत्त्यांचा जोड पडलाच आहे. आणि या सगळ्या गडगडाटात स्वतः तार्नोव्स्की, उंच काळ्या टोपीखाली, गंभीर. त्याला हसू आलेलं नाही. तो विचारात आहे.

हा न हसणारा माणूस मला या चित्रातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. पत्र गेलं की युद्ध येणार. हे सगळेच जाणतात, पण आत्ता त्याचा विचार करतोय तो एकटाच. त्याच्यामुळे बाकीच्यांचं हसणं हे धाडस ठरतं. तो नसता तर हीच मंडळी नुसती दारू पिऊन दंगा करणारी वाटली असती. असा चेहरा चार फटकाऱ्यांत मांडता येत नाही. त्यासाठी स्केच सोडून माणसापाशी जावं लागतं.

रेपिनच्या घरातही या वर्षांत कोसॅकांचंच राज्य होतं. तो मुलांना कोसॅकांच्या कहाण्या वाचून दाखवी, मातीच्या लहान मूर्ती करून पाही. मुलगा युरी याचं डोकं भादरून कोसॅकांसारखी लांब शेंडी राखली होती, असं त्याच्या मुलीनं आठवणींत सांगितलंय. स्टुडिओत मात्र त्याची झोप उडाली होती. चांगली जमलेली आकृती पुसायची, दोघांना सरकवायचं, तिसऱ्याला घालवायचं. घालवलेल्या आकृत्यांसाठी मित्र हळहळत. रेपिनचा हिशेब वेगळा होता. एक आकृती कितीही देखणी असली तरी ती शेजारच्या हसण्याला खाऊन टाकत असेल, तर तिला जागा नाही. त्यासाठी तो पुनःपुन्हा सबंध चित्राच्या तोलाकडे, म्हणजे स्केचनं घालून दिलेल्या प्रश्नाकडे परतत होता. मोठ्या चित्राच्या उजव्या कडेला पाठमोरा, फिकट रंगाच्या जाड अंगरख्यातला माणूस बघा. त्याचा चेहरा नाही, हसू नाही, पण तिथे तो भिंतीसारखा उभा आहे म्हणून लाल अंगरख्याचं सगळं हसू टेबलाकडे परत वळतं. तो झाकून पाहिला तर चित्र उजवीकडे वाहून जातं.

1889 मध्ये रेपिननं याच विषयाचं दुसरं चित्रही सुरू केलं. ते आकारानं लहान आणि इतिहासाच्या तपशिलांत अधिक काटेकोर. पण त्यात जीव पूर्ण रमला नसावा. ते काहीसं अर्धवट राहिलं आणि 1930 च्या दशकात खारकिव्हच्या कला संग्रहालयात आलं. मार्च 2022 मध्ये रशियन हल्ल्यात त्या संग्रहालयाच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या, तेव्हा कर्मचाऱ्यांनी चित्रं वाचवण्यासाठी जी धावपळ केली, त्या चित्रांत रेपिनची चित्रंही होती.

पहिलं, मोठं चित्र 1891 मध्ये प्रदर्शनात आलं आणि झार अलेक्झांडर तिसऱ्यानं ते 35,000 रुबलला विकत घेतलं. त्या काळी एका चित्राला ही रक्कम प्रचंड होती. रेपिननं त्या पैशांत व्हितेब्स्कजवळ झ्द्राव्न्येव्हो ही जहागीर घेतली. ज्या राजघराण्यानं कोसॅकांची छावणी मोडली आणि त्यांच्या भाषेतल्या छपाईवर बंधनं घातली, त्याच घराण्याच्या संग्रहात त्यांचं हे बेडर हसणं जाऊन बसलं. झारला ते जुन्या काळच्या शूर प्रजेचं रंगतदार चित्र वाटलं असावं. युक्रेनमध्ये लोकांनी त्यात काय पाहिलं, हे आजही तिथे या चित्राच्या प्रसंगावरून सैनिक जी छायाचित्रं काढून घेतात, त्यांवरून कळतं.

आणि 1880 चं स्केच? रेपिननं ते 1887 मध्ये याव्होर्नित्स्कीला भेट दिलं होतं. ज्यानं वस्तू पुरवल्या, जो लेखनिक म्हणून बसला, त्याला दिलेली याहून योग्य भेट सुचत नाही. पण पुढे याव्होर्नित्स्कीनं ते पावेल ट्रेट्याकोव्हला विकलं. मॉस्कोच्या या व्यापाऱ्यानं रशियन चित्रकारांची केवळ पूर्ण चित्रंच जमवली नाहीत, त्यांची स्केचं आणि स्टडीही जपले. त्याची ती नजर नसती तर असे अनेक कच्चे खर्डे कुणाच्या तरी दिवाणखान्यात विरून गेले असते.

संग्रहालयांत अशी स्केचं बहुतेकदा बाजूच्या खोलीत, कमी उजेडात टांगलेली असतात आणि पाहणारे तिथे क्षणभरही थांबत नाहीत. या चित्राच्या बाबतीत तसं करू नका. दोन्ही चित्रांच्या प्रतिमा आज घरबसल्या मोठ्या करून पाहता येतात. आधी 1880 चं स्केच उघडा आणि त्यात कोण किती हसतोय ते शोधायचा प्रयत्न करा. मग 1891 च्या चित्रात एकेकाचं हसू निरखा आणि उंच काळ्या टोपीतल्या माणसापाशी सर्वांत शेवटी या.